इंग्रजीची भीती : धीर आधी की सराव आधी?

तोंडी परीक्षेचे टेबल. पलीकडे दोन परीक्षक, मध्ये ट्रेमध्ये ठेवलेला अवयव आणि अलीकडे पांढऱ्या एप्रनमध्ये उभी असलेली एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. स्वादुपिंडाला रक्तपुरवठा कोणत्या धमन्या करतात, असा प्रश्न इंग्रजीतून येतो. उत्तर तिला येते. आदल्या रात्रीच वसतिगृहात मैत्रिणीला तिने ते आकृती काढून, अर्धे मराठीत अर्धे इंग्रजीत, समजावून सांगितलेले असते. आता मात्र ‘द आर्टरीज...’ इथपर्यंत वाक्य येते आणि थांबते. घशाला कोरड पडते, तळहात ओले होतात, छातीतले ठोके कानात ऐकू येतात. परीक्षक काही क्षण वाट पाहतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. बाहेर आल्यावर ती मैत्रिणीला म्हणते, ‘‘मला काही येतच नाही गं.’’

ही मुलगी कोणी एक नाही. अनेकींचे आणि अनेकांचे मिळून हे चित्र तयार झाले आहे. ती घाटकोपरच्या मराठी शाळेतून आलेली असेल, मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्याही. अंधेरीच्या सीप्झमध्ये मुलाखतीला गेलेला इंजिनीअर तिच्या जागी असू शकतो, किंवा मुलाच्या इंग्रजी शाळेत पालकसभेला गेलेली आणि बाईंशी एक शब्दही न बोलता परत आलेली आई. प्रसंग वेगळे, पण बाहेर पडल्यावर काढलेला निष्कर्ष सगळ्यांचा एकच. मला येत नाही. खरे तर त्या टेबलापाशी दोन गोष्टी घडल्या होत्या. एक, परक्या भाषेतले वाक्य वेळेवर जुळले नाही. दोन, शरीराने धोक्याची घंटा वाजवली. यातून ‘मला येत नाही’ हे सिद्ध होत नाही. पण तिने ते सिद्ध झाले असे मानले, आणि पुढच्या सहा महिन्यांत या मानण्याचा परिणाम दिसू लागतो. ती वर्गात मागच्या बाकावर बसू लागते, शंका विचारत नाही, चर्चेत दुसऱ्याला बोलू देते. बोलण्याची संधी कमी झाली की सराव कमी होतो, आणि पुढच्या तोंडी परीक्षेत तेच पुन्हा, थोडे जास्त जोराने घडते.

महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या वाटेवर हा खड्डा नेमका कुठे येतो, हे पाहण्यासारखे आहे. राज्यात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकवला जातो. त्याआधी तो पाचवीपासून होता. म्हणजे आजच्या मुलाने दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. पण ते बहुधा पाठ्यपुस्तकातून, प्रश्नोत्तरांतून आणि व्याकरणाच्या रिकाम्या जागांतून. विज्ञान मात्र त्याने पेशी, ऊती, तंतुकणिका, यकृत, मूत्रपिंड अशा शब्दांत पक्के केलेले असते. अकरावी विज्ञानला गेल्यावर एका उन्हाळ्यात हे सगळे शब्द बदलतात. वैद्यकीय प्रवेशासाठीची ‘नीट’ परीक्षा मराठीतून देता येते, पण एमबीबीएसची पुस्तके, व्याख्याने आणि परीक्षा इंग्रजीत. ज्ञान तेच राहते, त्यावरच्या पाट्या तेवढ्या बदलतात. आणि ज्याला पाटी वाचायला दोन क्षण जास्त लागतात, त्याला आपले ज्ञानच हरवले असे वाटू लागते.

यातला शरीराचा भाग आधी समजून घेतला पाहिजे, कारण इथेच सर्वांत मोठी गफलत होते. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३मध्ये ताण मोजण्यासाठी एक चाचणी तयार करण्यात आली. जगभर ती आजही वापरतात. तीत क्लिष्ट असे काही नाही. माणसाला तयारीला थोडा वेळ द्यायचा, मग न हसणाऱ्या, मान न डोलावणाऱ्या परीक्षकांसमोर पाच मिनिटे बोलायला लावायचे आणि त्यानंतर मोठ्याने उलट वजाबाकी करायला सांगायची. १०२२मधून १३, त्यातून पुन्हा १३, असे. एवढ्याने लाळेतल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढल्याचे त्या संशोधकांनी नोंदवले. नाडीचा वेगही वाढला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की भाग घेणारी मंडळी आपल्याच भाषेत बोलत होती. म्हणजे न हसणाऱ्या परीक्षकासमोर उभे राहणे हेच शरीराला पुरेसे आहे. त्यात परकी भाषा आली की भर पडते.

अशा वेळी मेंदू अनुकंपी चेतासंस्थेला जागे करतो आणि अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात येते. लढायचे किंवा पळायचे आहे, अशा तयारीत शरीर जाते. हृदय जोरात पंपिंग करते, घाम सुटतो, लाळ कमी आणि चिकट होते. ‘तोंडचे पाणी पळाले’ हा मराठी वाक्प्रचार शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने अगदी काटेकोर आहे. ‘पोटात गोळा आला’ आणि ‘हातपाय गळाले’ हेही तसेच. यात आजार काही नाही. पण बोलण्याला एक अडचण खरीच होते. आपण बोलतो तेव्हा पुढचे काही शब्द मेंदूच्या एका छोट्या तात्पुरत्या स्मृतीत मांडून ठेवतो. मातृभाषेत हे काम आपोआप होते, जागा फारशी लागत नाही. शिकलेल्या भाषेत शब्द शोधणे, क्रियापदाचा काळ ठरवणे, उच्चार सांभाळणे हे सगळे त्याच छोट्या जागेत करावे लागते. त्यात ‘आता सगळे हसतील’ हा विचारही जागा मागतो. मग शब्द सापडत नाही. आदल्या रात्री सापडलेला तोच शब्द.

परक्या भाषेच्या वर्गातली ही भीती इतर परीक्षांच्या भीतीपेक्षा वेगळी असते, हे अमेरिकी भाषाशिक्षणतज्ज्ञ इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६मध्ये मांडले आणि ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली दिली. वेगळी का, तर गणित चुकले तर गणित चुकते. बोलणे चुकले तर माणूस स्वतःच बावळट दिसतो, असे त्याला वाटते. हुशार, वयाने मोठा, घरात मान असलेला माणूस परक्या भाषेत पाच वर्षांच्या मुलासारखी वाक्ये बोलतो, आणि ते त्याला स्वतःलाच सहन होत नाही. मुलापेक्षा आईला पालकसभा जड जाते, याचे एक कारण हे आहे.

मग धीर वाढवला की इंग्रजी सुधारेल का? स्थानकाबाहेरच्या क्लासच्या जाहिराती पाहिल्या तर तसेच वाटावे. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी, आधी आत्मविश्वास मग भाषा, वगैरे. विज्ञान याबाबत थोडे वेगळे आणि जास्त उपयोगी सांगते.

कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये एक कल्पना मांडली. इंग्रजीत तिला ‘सेल्फ-एफिकसी’ म्हणतात. मराठीत सरळ ‘हे मला जमेल हा विश्वास’ म्हणावे. यातला ‘हे’ महत्त्वाचा. ‘मी चांगला माणूस आहे’, ‘मी हुशार आहे’ असा हा सर्वसाधारण विश्वास नाही. पोहायला जमेल, पण मोटार चालवायला नाही. इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला जमेल, पण फोनवर बोलायला नाही, असा तो कामागणिक वेगळा असतो. बांडुरांच्या गटाने सापाला घाबरणाऱ्या लोकांवर प्रयोग केले. काहींनी दुसऱ्याला अजगरासारखा बिनविषारी साप हाताळताना नुसते पाहिले, काहींनी मदत घेत घेत स्वतः हात लावला. स्वतः हात लावणाऱ्यांचा विश्वास जास्त वाढला. आणि पुढच्या वेळी कोण सापाच्या किती जवळ जाईल, हे त्या विश्वासावरून बरेचसे ओळखता आले.

शिक्षणातही असेच दिसते. विशिष्ट कामाबद्दलचा हा विश्वास आणि त्या कामातले यश बरोबर चालतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. भाषेपुरते बोलायचे तर अमेरिकेत फ्रेंच शिकणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा २००७मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बोलका आहे. ‘मला चांगली श्रेणी मिळेल’ या विश्वासापेक्षा ‘मी माझा अभ्यास नीट लावू शकेन, कंटाळा आला तरी बसू शकेन’ हा विश्वास फ्रेंचमधल्या यशाशी जास्त जोडलेला निघाला. फळाच्या विश्वासापेक्षा रोजच्या बैठकीचा विश्वास कामाला आला, असे म्हणता येईल.

पण बरोबर चालणे म्हणजे एकाने दुसऱ्याला ओढणे नव्हे. पुढे कोण आणि मागे कोण? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८मध्ये या प्रश्नावर, एकाच विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा तपासलेले ११ अभ्यास एकत्र केले. त्यांत सुमारे २,७०० विद्यार्थी होते. आधीच्या यशाने नंतरचा विश्वास किती वाढतो आणि आधीच्या विश्वासाने नंतरचे यश किती वाढते, हे त्यांनी वेगवेगळे काढले. दोन्ही परिणाम होते, पण यशाकडून विश्वासाकडे जाणारा परिणाम बराच मोठा निघाला. लहान मुलांमध्ये तर उलट दिशेचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. त्यांना आधी जमते, मग जमेल असे वाटू लागते. मोठ्यांमध्ये विश्वासही काही प्रमाणात कामाला लागतो, कारण कुठे बसायचे, हात वर करायचा की नाही, क्लास सोडायचा की नाही, हे ते स्वतः ठरवतात.

नुसत्या कौतुकाचा प्रयोगही झालेला आहे आणि तो क्लासचालकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. अमेरिकेत एका कॉलेजात मानसशास्त्राच्या प्राथमिक वर्गात कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला ईमेलने उजळणीचे प्रश्न पाठवले गेले. काहींच्या ईमेलमध्ये त्याबरोबर स्वतःबद्दल अभिमान बाळगा, मान ताठ ठेवा, असा मजकूर होता. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अगदी तळाच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हा फुगवणारा मजकूर मिळाला, त्यांचे अंतिम परीक्षेतले गुण सुधारण्याऐवजी घसरले. मी आहे तसा छान आहे, असे वाटले तर पुस्तक उघडायचे कशाला, असा काहीसा प्रकार. शिवाय विश्वासाने न शिकवलेली गोष्ट येत नाही. ‘असर’च्या २०२२च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या जेमतेम पाव मुलांना साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली. त्या मुलांना आत्मविश्वासाची भाषणे देणे ही क्रूर थट्टा ठरेल. त्यांना आधी वाचायला शिकवायला हवे.

तेव्हा प्रश्न उरतो तो असा की पहिले यश मिळवायचे कसे. बांडुरा आणि त्यांचे सहकारी डेल शुंक यांनी १९८१मध्ये गणितात कच्च्या आणि गणिताचा कंटाळा असलेल्या मुलांना वजाबाकीची ४२ पाने दिली, सात बैठकांसाठी. एका गटाला सांगितले, रोज सहा पाने कर. दुसऱ्याला सांगितले, शेवटपर्यंत ४२ पाने कर. तिसऱ्याला ध्येय काहीच दिले नाही. पाने तीच, वेळ तोच. रोज सहा पानांचा गट कौशल्यात पुढे गेला, विश्वासात गेला आणि गंमत म्हणजे गणिताची आवडही त्याच गटात जास्त उरली. ‘मला इंग्रजी आले पाहिजे’ हे ४२ पानांचे ध्येय आहे. त्यात आज जमले की नाही, हे कधीच कळत नाही. ‘आज रिक्षातून उतरण्याआधी फोनवर एका माणसाशी दोन मिनिटे इंग्रजीत बोलायचे’ हे सहा पानांचे आहे.

मुलुंडच्या पुढे मध्य रेल्वेवरच लागणाऱ्या कल्याणच्या एका मुलीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण या अंगाने क्वचित सांगितली जाते. आनंदीबाई जोशी. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि दहा दिवसांत त्याचा मृत्यू. भारतातली पहिली पाश्चात्त्य पदवीधर स्त्री डॉक्टर म्हणून त्यांची जिद्द आपण गौरवतो. पण त्यांचे इंग्रजी जिद्दीने एका झेपेत आले नाही. पती गोपाळरावांनी शिकवायला सुरुवात केली, आणि तो शिक्षक मायाळू नव्हता. कलाटणी मिळाली ती १८८०नंतर. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेले असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. अनेक वर्षे पत्रे गेली आणि आली. सण, व्रते, जेवण, कपडे, घरातल्या चालीरीती, दुखणीखुपणी. इंग्रजी लिहायचे ते परीक्षकासाठी नव्हे, वाट पाहणाऱ्या आणि चुका न मोजणाऱ्या एका वडीलधाऱ्या मैत्रिणीसाठी. लिहायला विषयही असे की ज्यात आनंदीबाई जाणत्या आणि वाचणारी अजाण. फेब्रुवारी १८८३मध्ये, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्या सार्वजनिक सभेपुढे इंग्रजीत बोलल्या. आपण अमेरिकेला का जात आहोत, हे सांगण्यासाठी. १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्या भाषणाआधी पत्रांचा गठ्ठा होता, हे विसरले जाते.

जमेल असे वाटण्याचे दुसरे कारण म्हणजे आपल्यासारख्याला जमलेले पाहणे. इथे ‘आपल्यासारख्या’ला हा शब्द कळीचा. शुंक यांनी १९८५मध्ये मुलांना वजाबाकी शिकणाऱ्यांच्या चित्रफिती दाखवल्या. काहींना बरोबरीच्या मुलाची, काहींना शिक्षिकेची. बरोबरीच्या मुलाला पाहिलेल्यांचा विश्वास आणि गुण दोन्ही जास्त वाढले. म्हणून कॉलेजच्या व्यासपीठावर आणलेल्या फर्ड्या इंग्रजी वक्त्याचा उपयोग कमी. एक वर्ष पुढे असलेली, बोरिवलीच्याच मराठी शाळेतून आलेली, अजूनही मध्येच अडखळणारी पण बोलत राहणारी ताई जास्त कामाची. वैद्यकीय महाविद्यालयांत २०१९च्या नव्या अभ्यासक्रमापासून पहिल्या वर्षाच्या आरंभी पायाभूत कार्यक्रम असतो आणि त्यात भाषेसाठी वेळ राखून ठेवलेला आहे. पश्चिम उपनगरांत कूपर रुग्णालयाला जोडून २०१५पासून महापालिकेचे महाविद्यालय आहे. अशा प्रत्येक ठिकाणी ही संधी आहे. त्या वेळात व्याकरणाचे व्याख्यान ठेवले तर संधी गेली. जोडीजोडीने, एकमेकांना रोज एक अवयव इंग्रजीत सांगायचा, ऐकणाऱ्याने मध्ये तोडायचे नाही, असे केले तर ती साधली.

तोडण्याबद्दल थोडे. घरात, वर्गात आणि विशेषतः मित्रमंडळींत चूक तिथल्या तिथे पकडून हशा पिकवण्याची आपल्याकडे हौस आहे. इंग्रजी उच्चारावरून माणसाची शाळा, वस्ती आणि कधी जात ओळखायची, ही तर मुंबईची जुनी खोड. तिचा परिणाम नुसता मन दुखावण्यावर थांबत नाही. अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वेडीवाकडी वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्च आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. सगळ्यांसमोर जात वाचून दाखवली, तेव्हा कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तशीच. ‘मराठी मीडियमवाले हात वर करा’ असे पहिल्याच तासाला म्हणणाऱ्या शिक्षकाचा हेतू मदतीचाही असेल. पण तो नेमके हेच करत असतो. विश्वासाचा अभाव हा दर वेळी विद्यार्थ्याच्या डोक्यातला दोष नसतो. पुष्कळदा तो वर्गातल्या हवेतून आलेला असतो आणि तिथेच दुरुस्त करावा लागतो.

आता पुन्हा धडधडीकडे. ती थांबवायचा प्रयत्न बहुधा फसतो. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४मध्ये दाखवले की भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणारे चांगले बोलले. धडधड तीच राहते, तिचा अर्थ बदलतो. क्रिकेटपटू मैदानात उतरताना त्याचेही हृदय असेच धडधडत असते आणि त्याला ते ‘मला खेळता येत नाही’ याचा पुरावा वाटत नाही. साधे उपायही आहेत. आत जाण्याआधी घोटभर पाणी, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, आणि पहिले वाक्य घोकून पाठ. पहिले वाक्य बाहेर पडले की दुसरे बऱ्याचदा मागोमाग येते. रात्रभर जागून चहा-कॉफीवर परीक्षेला जाणे हा मात्र धडधड वाढवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

एक धोक्याची सूचना इथेच. तोंडी परीक्षेआधी मित्राने दिलेली ‘धडधड थांबवायची गोळी’ घेण्याचे प्रकार वसतिगृहांत होतात. ही बहुधा प्रोप्रॅनोलॉल असते. दमा असलेल्याला तिने श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकते. काहींची नाडी आणि रक्तदाब धोकादायक उतरतात. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय ती घ्यायची नाही, शिकाऊ डॉक्टरनेसुद्धा नाही. आणि परीक्षा नसतानाही धडधड, हात कापणे, वजन घटणे होत असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सगळ्याच धडधडीला इंग्रजी जबाबदार नसते. भीतीमुळे कॉलेजला जाणेच टळू लागले, झोप उडाली, जेवण सुटले, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर तो इंग्रजीचा प्रश्न राहिला नाही. मानसोपचार विभागात जावे. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत तो असतो. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

सुरुवातीच्या त्या विद्यार्थिनीला दुसऱ्या वर्षी वॉर्डात पाहावे. खाटेवर जोगेश्वरीहून आलेल्या, घरकाम करणाऱ्या बाई. सोबत इंग्रजी शाळेत शिकलेला, पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत झकास बोललेला वर्गमित्र. बाई सांगतात, ‘‘चार दिवस अंगात कसकस हाय, पोटात डचमळतंय, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते.’’ मित्र पेन हातात धरून उभा. कसकस म्हणजे काय, डचमळणे म्हणजे काय? आता त्याच्या कपाळावर घाम. ती खाटेच्या कडेला बसते, ‘‘मावशी, थंडी वाजून येते का? उलटी झाली का? अंगावरून जास्त जातंय का?’’ असे एकेक विचारत जाते, आणि पाच मिनिटांत सगळी हकीकत कागदावर उतरते. तीच दोन माणसे, सहा महिन्यांत जागा उलट झाल्या. हुशारी कोणाचीच कमी-जास्त झालेली नाही. फक्त ‘हे’ बदलले.

मग सर येतात आणि केस सांगायला सांगतात, इंग्रजीत. वैद्यकशास्त्रात केस सांगण्याची एक ठरलेली चौकट आहे. वय, लिंग, राहण्याचे ठिकाण, तक्रार, किती दिवसांपासून, कशी सुरू झाली, आधीचे आजार, घरातले आजार. शंभर वेळा तीच वाक्ये, फक्त माणूस वेगळा. ही भाषा शिकवण्यासाठी कोणी केलेली नाही, पण मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी डॉक्टरांचे इंग्रजी याच चौकटीवर उभे राहिले आहे, महिन्याला तीस-चाळीस केस सांगून. हकीकत तिच्याकडे आहे, मित्राकडे नाही. ती कागद खाली धरते, बाईंकडे एकदा पाहते आणि म्हणते, ‘‘सर, थर्टी-फाइव्ह इयर ओल्ड फीमेल, रेसिडेंट ऑफ जोगेश्वरी...’’